कड्यापासून अकरा

माझा डबा बोगद्याच्या तोंडातून आत शिरला, की मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत असे. चार मिनिटे आणि त्रेचाळीस सेकंदांनी, डब्यात जिथे असेन तिथे, मी उभा राही. एकामागे एक लावलेल्या मोटारी आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट असते. त्या वाटेवर थांबून उजवा तळवा भिंतीला टेकवायचा आणि तीन श्वास होईपर्यंत हलायचे नाही, असा माझा नेम होता. प्रवाशांना वाटे, हा काहीतरी तपासतो आहे. प्रवाशांच्या मोटारी पोटात घेऊन समुद्राखालून जाणाऱ्या आगगाडीवर मी कामाला आहे; इंग्लंडातल्या फोकस्टनहून फ्रान्सकडे जाताना, आठवड्यात दहा-बारा वेळा, सहा वर्षे मी हा नेम पाळला. येताना नाही, कारण जाण्याचा बोगदा वेगळा आणि येण्याचा वेगळा.

ती जागा कॉलिन हॉगबेनची होती. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी, समुद्राखाली हा बोगदा खणला जात असताना, वीस वर्षांचा कॉलिन त्या जागी मेला. काँक्रीटच्या कमानी आत वाहून नेणारे कामाचे छोटे इंजिन माझे वडील चालवत होते आणि कॉलिन पुढच्या पायरीवर दिवा धरून उभा होता. त्याचा पाय सरकला आणि तो इंजिनासमोर पडला. चौकशी झाली, तिच्यात कोणाचाच दोष निघाला नाही, आणि बाबा कायमचे गप्प झाले. दोष नाही असे ज्याला सांगितले जाते, त्याला शिक्षाही मागता येत नाही. त्या दिवसानंतर ते पुन्हा कधी बोगद्यात उतरले नाहीत. आधी कोळशाच्या खाणीत आणि मग समुद्राखाली अशी वीस वर्षे जमिनीच्या पोटात काढलेला माणूस एका शाळेत झाडलोट करू लागला.

आमच्या घरात त्या दिवसाचा उल्लेख होत नसे. मला या आगगाडीवर नोकरी लागली, त्या संध्याकाळी बाबा मोरीच्या कट्ट्यापाशी बटाटे सोलत होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "अकराव्या किलोमीटरला जरा हळू चाल." एवढेच. आगगाडी हळू होत नाही, ताशी एकशेचाळीसने जाते, हे त्यांना ठाऊक होते. ते माझ्या पावलांबद्दल बोलत होते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी कागदावर हिशेब मांडला. तोंडापासून अकरा किलोमीटर, म्हणजे चार मिनिटे त्रेचाळीस सेकंद.

मला समोरासमोर बोलणे जमत नाही. म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कॉलिनच्या आईला, डील गावात राहणाऱ्या हॉगबेनबाईंना, एक पत्र लिहिले. मी कोणाचा मुलगा, काय काम करतो आणि कुठे उभा राहतो, एवढे तीन ओळींत कळवले. त्या दर नाताळला बाबांना एक कार्ड पाठवत. त्यावर फक्त सही असे. शुभेच्छा नाही आणि शापही नाही. त्या वर्षीच्या कार्डावर सहीखाली एक ओळ होती: 'पोराला चहाला पाठव.' मी गेलो, आणि मग दोन-तीन महिन्यांनी जातच राहिलो. त्या एकच प्रश्न विचारत: थांबतोस ना रे? मी मान हलवी. मग आम्ही हवेबद्दल बोलत असू. मी उभा राहतो ही गोष्ट मी त्यांच्याखेरीज कोणालाही सांगितली नव्हती, बाबांना तर नाहीच.

गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांनी बाईंना फार तर वसंतापर्यंतचा अवधी दिला. त्यांनी मला बोलावून घेतले आणि चहा ओतता ओतता सांगितले की त्यांना एकदा त्या जागेवरून जायचे आहे. आयव्हरलाही, म्हणजे माझ्या बाबांनाही, बरोबर आणायचे. तो नसेल तर त्याही येणार नाहीत. कशासाठी ते मी विचारले नाही, तरी त्यांनी सांगितले. बोगद्याच्या पगारातून कॉलिनने मोटारसायकल घेतली होती. त्यावरून त्या दिवशी दुपारी दोघांत कडाक्याचे भांडण झाले, आणि तो कामावर निघाला तेव्हा त्या ओरडल्या होत्या की दहाला मी आतून कडी लावीन, मग झोप रस्त्यावर. रागाच्या भरात त्यांनी नऊलाच कडी लावली. साडेनऊला उठून काढली. दहा वाजून दहा मिनिटांनी दारावर थाप पडली, आणि त्यांना तत्क्षणी कळले, कारण उघड्या दारावर घरचा माणूस थाप मारत नाही.

"कबरीपाशी सांगून पाहिलं," त्या म्हणाल्या. "तिथं तो नसतोच. चौकशीच्या कागदात लिहिलंय, वीस मिनिटं जिवंत होता म्हणून. जिथं तो वीस मिनिटं पडून होता ना, तिथं जाऊन सांगायचंय, दार उघडं होतं. बाकी काही नाही."

तोच कागद त्यांनी कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावरही अकरा किलोमीटर असेच होते. बाबांचा आकडा आणि सरकारी आकडा एकच निघाला, याचे मला समाधान वाटले होते. ते समाधान मला अजून आठवते.

बाबांना विचारायला मी आठवडा घेतला. ते नाही म्हणतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "कपडे कोणते घालायचे?"

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. मोटार गल्लीच्या टोकाशी पोहोचल्यावर बाबांच्या लक्षात आले की टोपी घरीच राहिली. मी गाडी वळवू लागलो, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खाणीतली जुनी माणसे विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरत नाहीत. ते उघड्या डोक्यानेच बसून राहिले.

हॉगबेनबाई दाराबाहेर उभ्याच होत्या. अंगात निळा कोट, हातात पत्र्याचा डबा. आयव्हरने आपल्या शेजारी बसायचे, असे म्हणत त्यांनी बाबांना मागच्या आसनावर घेतले. तीस वर्षांत ही दोघे इतक्या जवळ आली नव्हती. मी आरशात पाहत होतो. बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"म्हातारा झालास की रे," बाई म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले.

"बरं झालं. मला वाटलं, मी एकटीच."

पासपोर्ट दाखवून आम्ही मोटारींच्या रांगेत थांबलो. फ्रान्सची तपासणीही इकडेच होते; तिथल्या शिपायाने बाईंना विचारले की तिकडे किती दिवस राहणार. त्या म्हणाल्या, ब्याऐंशी वर्षांत कधी गेले नाही, आता काय राहायचंय. पोरगा अर्ध्या वाटेपर्यंत गेला होता, घराण्यात तेवढं पुरे. त्याला ते नीट उमगले नाही, पण तो हसला आणि त्याने शिक्का मारला.

रांग हलायला अवकाश होता. पाऊस नव्हता, ऊनही नव्हते. चुनखडीच्या टेकड्यांवर एक राखी उजेड पसरून राहिला होता. बाई बराच वेळ पुढच्या मोटारीच्या दिव्यांकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान न वळवता बाबांना विचारले, "तू होतास ना त्याच्यापाशी? तो दाराचं काही बोलला होता का?"

हा प्रश्न त्यांनी तीस वर्षांत विचारला नव्हता. बाबांचा श्वास घरघरत होता; त्यांच्या छातीत खाणीची धूळ आहे. मला वाटले, ते नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असतो तर नाही म्हणालो असतो.

"बोलला," बाबा म्हणाले. "म्हणाला, दहा वाजून जातील. आई आत घेणार नाही."

बाईंनी हळूच मान हलवली, दुकानात नेमकी हवी ती वस्तू समोर आल्यावर हलवावी तशी. "मग सांगायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या.

आमची मोटार डब्यात चढली. त्या दिवशी कामावर ओदिल होती. ती फ्रान्समधल्या कॅलेची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि मला बोलते करण्याचा तिने विडाच उचललेला. मला स्टिअरिंगमागे बसलेला पाहून ती थांबली.

"सुट्टीच्या दिवशीही इथंच? घरी कुणी ठेवून घेत नाही वाटतं."

मी म्हणालो की ही आमची माणसे आहेत, त्यांना फिरवून आणतो आहे.

"आणि फिरायला हे भोक निवडलंस. तुला बायको मिळणं कठीण आहे." मग तिने मागे वाकून पाहिले. दोघांच्या चेहऱ्यांवर काय दिसले कोण जाणे, पण तिचा सूर बदलला. हातब्रेक ओढा, काचा अर्ध्या उघड्या ठेवा, ही रोजची वाक्ये तिने मला, जो स्वतः ती रोज म्हणतो, अगदी मऊ आवाजात सांगितली आणि ती पुढे गेली.

गाडी सुटली तशी बाईंनी कानातले यंत्र काढून पर्समध्ये ठेवले. डब्यात जो एक सारखा घुमणारा आवाज असतो, त्याने यंत्र शिट्टी मारू लागले होते. आता आपल्याला काही ऐकू येणार नाही, असे त्यांनी सांगितले. ती जागा आली, की मी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचा. तसे ठरले.

उजेड गेला. मी घड्याळ पाहिले.

बोगद्याला रूप नसते. बाहेरचे दिवे छोट्या खिडकीवर एकेक रेघ ओढून जातात, आणि माणसाला वाटते आपण उभे आहोत आणि काळोखच पळतो आहे. एरवी मी चालत असतो. बसून जाण्याची ही पहिलीच वेळ होती. एक मिनिट गेले. दोन गेली. आरशात बाबांनी डोळे मिटले होते. साडेतीन मिनिटे झाली तेव्हा आम्ही डोव्हरजवळच्या कड्याखालून पुढे सरकलो आणि डोक्यावर समुद्र आला, हे मला ठाऊक होते. कळण्यासारखे काही घडत नाही. आवाजसुद्धा बदलत नाही. चार मिनिटे. मी वळून हात मागे नेला. त्रेचाळीसाव्या सेकंदाला बाईंच्या गुडघ्याला स्पर्श केला.

त्यांनी अर्ध्या उघड्या काचेच्या वरच्या कडेवर बोटे ठेवली आणि त्या फटीजवळ तोंड नेले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला.

"कॉलिन, दार उघडं होतं रे. मी साडेनऊलाच कडी काढली होती. तू ढकललं असतंस तर उघडलं असतं."

त्या मग मागे रेलल्या आणि त्यांनी मोठा, थरथरता श्वास सोडला. चेहरा एकाएकी सैल झाला. इतक्या वर्षांत तो आवळलेला होता, हे मला तेव्हाच कळले.

बाबांनी डोळे उघडले होते. ते मला आरशात शोधत होते.

"इथं का?" त्यांनी विचारले. "कडा गेला का?"

"गेला. मिनिटभर झालं."

"मिनिटभरच?"

"हो. अकरा किलोमीटर झाले, बाबा."

"कुठनं?"

त्याच क्षणी मला उत्तर सापडले. बाबा या बोगद्यात कधीही तोंडातून शिरले नव्हते. ते उतरत तेव्हा हे तोंडच नव्हते. कड्याच्या पायथ्याशी उतरण होती. तिथून माणसे, कमानी, चुना आणि चहाचे पिंप, सारे खाली जाई, आणि तिथूनच समुद्राच्या दिशेने प्रत्येक मीटर मोजला जाई. त्यांच्या जगाचे शून्य कड्याखाली होते. सरकारी कागदाचेही. माझे शून्य आठ किलोमीटर मागे, जिथे आता आगगाडी आत शिरते तिथे होते. सहा वर्षे मी जिथे तळवा टेकवला, ती नुसती भिंत होती. तिथे कोणी पडले नव्हते, कोणी कोणाची वाट पाहिली नव्हती. कॉलिन पुढे होता.

पुढे होता, हेच भयंकर होते. कारण अजून वेळ होता. खऱ्या जागेपर्यंतच्या साडेतीन मिनिटांतले मिनिटभर सरले असेल. मला फक्त हात मागे न्यायचा होता आणि त्यांच्या गुडघ्याला पुन्हा एकदा शिवायचे होते. त्यांनी प्रश्नार्थक पाहिले असते. मी बोटाने पुढे दाखवले असते. मग त्यांना कळले असते की आपण ज्याच्याशी बोललो, तो तिथे नव्हता. की हा पोरगा चहा पिताना मान हलवत होता, तेव्हा तो वर्षानुवर्षे एका रिकाम्या जागेला नमस्कार करत होता. तेही चालले असते. त्या रागावल्या असत्या, आणि तरीही काचेशी वाकून तीच तीन वाक्ये पुन्हा म्हणाल्या असत्या, योग्य जागी. त्या तशाच होत्या.

बाईंनी हातातला पत्र्याचा डबा उघडला. चीज आणि लोणच्याचे सँडविच होते. एक त्यांनी बाबांच्या हातात दिले, एक खांद्यावरून मला, आणि उरलेले स्वतः खाऊ लागल्या. किती दिवसांनी भूक लागली, असे त्या कोणालाच न उद्देशून म्हणाल्या.

सहा मिनिटे. बाबा आरशातून माझ्याकडे पाहत होते. त्यांचा हात सँडविच धरून गुडघ्यावर पडला होता. मी स्वतःला सांगितले की एवढ्या सुखाने खाणाऱ्या बाईचा घास मी काढून घेऊ शकत नाही. ते खरे होते, पण सगळे खरे नव्हते. सात मिनिटे. माझा उजवा हात स्टिअरिंगवर होता. त्या हाताला मी जितक्या स्पष्टपणे सांगितले तितक्या स्पष्टपणे आयुष्यात कोणाला काही सांगितले नसेन, आणि तो हलला नाही.

आठ मिनिटांवर नऊ सेकंद झाले, कड्यापासून अकरा किलोमीटर. मी पाहत होतो म्हणून मला आकडा ठाऊक आहे. बाबांना घड्याळ लागले नाही. त्यांचा हात डोक्याकडे गेला, बोटांनी टोपीची कड धरली, आणि टोपी नव्हती. तरी त्यांनी ती काढली. रिकाम्या मुठीत ती छातीशी धरून ते बसून राहिले, आणि ओठ एका नावापुरते हलले. बाईंनी तिकडे पाहिले, आणि म्हातारा केस सारखे करतो आहे असे वाटून त्यांनी त्याच्या मांडीवरचे पावाचे कण झटकले.

फ्रान्समध्ये आम्ही तासभर होतो. रस्त्याकडेच्या एका दुकानात कॉफी घेतली. बाईंनी यंत्र कानात घातले आणि कॉफीला नावे ठेवली. मग माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "तू तिथं थांबतोस, ते आता त्यालाही ठाऊक झालं. थांबत जा हो." मी मान हलवली. परत येताना त्यांनी विचारले की येण्याच्या वाटेवर ती जागा नाही ना लागत. मी सांगितले की येण्याचा बोगदा वेगळा. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकदाच सांगायचं होतं." त्या बाबांच्या खांद्यावर डोके टाकून झोपल्या, आणि बाबा सगळा वेळ खांदा न हलवता बसले.

त्यांना घरी सोडून आम्ही गल्लीत आलो. मोटार बंद केली तरी दोघेही उतरलो नाही.

"तुम्ही का नाही सांगितलं?" मी विचारले.

बाबांनी बराच वेळ खोकून घेतले. "सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, मग हा पोरगा इतकी वर्षं कुठं उभा होता. सकाळी रांगेत, तू उतरला होतास तेव्हा, ती मला सांगत होती, तू काय करतोस ते. मला माहीत नव्हतं. मी तुझं तोंड पाहिलं आरशात. म्हटलं, पोराला ठरवू दे."

आत जाऊन त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, आतून बाहेरून पाहिली, आणि पुन्हा खुंटीला लावली.

त्यानंतर एक मार्ग होता: पुन्हा जाऊन सांगणे. डीलला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी त्या अंथरुणात बसून स्वेटर उसवत होत्या आणि गुणगुणत होत्या. दुसऱ्या वेळी झोपल्या होत्या. शेजारीण म्हणाली, बाई पूर्वी रोज साडेनऊला उठून दारापाशी जाऊन यायच्या, आता कित्येक आठवडे एकदाही उठल्या नाहीत. मी फळे ठेवली आणि निघालो. जानेवारीच्या शेवटी त्या गेल्या. दफनाला बाबा टोपी घालून आले, आणि ती काढून हातात धरून तासभर गारठ्यात उभे राहिले.

मी अजून त्याच आगगाडीवर आहे. चार मिनिटे त्रेचाळीस सेकंदांना मी थांबतो, कारण बाईंचे शब्द तिथे पडले आहेत आणि तसे त्यांना वचन आहे. मग चालू लागतो. काचा पाहतो, हातब्रेक पाहतो. आठ मिनिटे नऊ सेकंदांना पुन्हा थांबतो. पहिल्या दिवशी मला वाटले, निदान निरोप तरी पुढे पोहोचवावा. मी भिंतीला तळवा टेकवला, आसपास पाहिले आणि हळू आवाजात म्हणालो, "कॉलिन, दार उघडं होतं." माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. उघड्या दारावर कोणा परक्याने थाप मारावी, तसा तो वाजला.

शेजारच्या मोटारीतल्या एका प्रवासी बाईने मान बाहेर काढून विचारले, काही बिघडलं आहे का.

"नाही," मी म्हणालो. "काच तेवढी अर्धी उघडी ठेवा."